सुट्टीत रायपूरला जाताय? मग ऊन सांगेल तसं फिरा

परीक्षा संपल्या, निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, यंदा कुठे जायचं? थंड हवेच्या ठिकाणी जावं तर हॉटेलचे दर सीझनमध्ये आकाशाला भिडलेले असतात आणि घाटात गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. मग बरीच कुटुंबं जुना आणि खात्रीचा मार्ग निवडतात. जिथे आपलं कुणी राहतं, त्या शहरात जायचं. विदर्भातल्या अनेक घरांसाठी हे शहर म्हणजे रायपूर. कुणाचा मामा तिथे नोकरीला असतो, कुणाची मावशी दुर्ग-भिलाईला दिलेली असते, तर कुणाची मुलगी नवा रायपूरच्या एखाद्या संस्थेत शिकत असते.

पण बेत सांगितला की पहिला प्रश्न येतो, ‘मे महिन्यात रायपूर? तिथे तर नागपूरसारखंच ऊन!’ ते खरंच आहे. मे महिन्यात इथला पारा ४२-४४ अंशांपर्यंत चढतो आणि महिन्याच्या शेवटी सुरू होणारा नवतपा तर घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. तरीही तिथली माणसं दीड महिना घरात कोंडून घेत नाहीत. ती फक्त आपली वेळ बदलतात. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडायचं, दुपार छताखाली काढायची. पाहुण्यांनीही एवढं एक सूत्र पाळलं तर रायपूरची सुट्टी छान होते. ते मोडून ‘एका दिवसात सहा ठिकाणं’ असा हट्ट धरला, तर तिसऱ्या ठिकाणी मूल रडतं, आजींना चक्कर येते आणि उरलेली सुट्टी पडून राहण्यात जाते.

शहर एक नाही, दोन आहेत

बेत आखण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. रायपूर आणि नवा रायपूर ही दोन वेगळी शहरं आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी ठरली. जुनं शहर तळ्यांचं, बाजारांचं आणि दाट वस्तीचं. राजधानीचा कारभार त्यात मावेना, म्हणून साधारण १७ ते २० किलोमीटरवर आखीव नवं शहर वसवण्यात आलं. मंत्रालय २०१२ मध्ये तिथे हललं. २०१८ मध्ये या शहराला अटल नगर हे नाव जोडलं गेलं. विमानतळ या दोन्हींच्या मधे, माना इथे आहे.

नवा रायपूरचे रस्ते रुंद आहेत, सेक्टर आखलेले आहेत आणि एका ठिकाणाहून दुसरं ठिकाण बरंच लांब आहे. जुन्या शहरात कोपऱ्यावर पाण्याची बाटली मिळते, तसं इथे दर वळणावर दुकान सापडेल असं धरून चालू नका. रस्त्यात हात दाखवून ऑटो मिळेल, यावरही विसंबू नका. दोन कुटुंबं असाल तर दिवसभरासाठी एक गाडी ठरवणं सोयीचं पडतं. पाणी, टोप्या, सुका खाऊ घरूनच घेऊन निघा.

मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. उपरवारा, परसदा, खंडवा, राखी ही नावं तुम्हाला पाट्यांवर दिसतील. ती सेक्टरची नावं नाहीत, गावांची आहेत. ज्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, तिथे धानाची शेती होत होती. मोबदला आणि पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी इथल्या शेतकऱ्यांनी २०२२ मध्ये दीर्घ आंदोलनही केलं होतं. गुळगुळीत रस्त्यावरून जाताना हे ठाऊक असलं की मुलं शहराकडे थोड्या वेगळ्या नजरेनं पाहतात.

पोहोचायचं कसं?

मुंबई-हावडा हा मुख्य रेल्वेमार्ग रायपूरवरूनच जातो. मुंबईहून गीतांजली किंवा हावडा मेल आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस या गाड्या रायपूरला थांबतात. नागपूरहून अंतर साधारण ३०० किलोमीटर आहे. नागपूर-बिलासपूर वंदे भारत डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रवास तीन-साडेतीन तासांवर आला आहे. मुंबईहून थेट विमानही आहे. सुट्टीत या मार्गावरच्या गाड्यांना गर्दी असते, म्हणून परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटासोबतच काढून ठेवा.

मुलांना रेल्वेची हौस असेल तर आणखी एक सोय आहे. रायपूरहून मंदिर हसौद आणि नवा रायपूरमार्गे अभनपूरला जाणारी मेमू ३० मार्च २०२५ रोजी सुरू झाली. पुढे त्याच वर्षी ती राजिमपर्यंत वाढवण्यात आली. गाड्या थोड्या आहेत, त्यामुळे वेळ पाहूनच स्टेशनवर जा.

पहाट तळ्याकाठी

उन्हाळ्यात रायपूरचा सर्वात सुंदर वेळ म्हणजे सकाळी साडेपाच ते साडेआठ. मुलांना सुट्टीत लवकर उठवणं जड जातं, पण एकदा तळ्यावर नेलंत की दुसऱ्या दिवशी तीच उठवतील.

जुन्या शहरातला बूढा तालाब आता विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जातो. यामागे कारण आहे. १८७७ मध्ये विवेकानंदांचे वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले आणि नंतर कुटुंबही इथे आलं. तेव्हा नरेंद्र चौदा वर्षांचा होता. रायपूरपर्यंत रेल्वे आली नव्हती, त्यामुळे शेवटचा लांबलचक टप्पा त्यांनी जंगलातून बैलगाडीनं पार केला. पुढची जवळपास दोन वर्षं तो याच शहरात राहिला. चौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट तळ्याच्या काठावर उभं राहून सांगा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

जुन्या वस्तीतला दूधाधारी मठही सकाळीच पाहण्यासारखा आहे. दगडी अंगण तापण्याआधी जा. अनवाणी चालायचं असतं आणि दुपारी तिथे लहानग्यांचे तळपाय पोळतात.

सफारी पहिल्या फेरीलाच

नवा रायपूरचं मुलांसाठी सर्वात मोठं आकर्षण म्हणजे खंडव्याजवळची जंगल सफारी. १ नोव्हेंबर २०१६ रोजी तिचं उद्घाटन झालं. सुमारे ३२० हेक्टरचा हा परिसर आहे आणि त्यात खंडवा जलाशयही येतो. तृणभक्षी प्राणी, अस्वल, वाघ आणि सिंह असे चार वेगवेगळे विभाग आहेत. बंद गाडीतून एकेका विभागाच्या दारातून आत जायचं असतं. गाड्या एसी आणि साध्या अशा दोन्ही प्रकारच्या असतात. मे महिन्यात चार पैसे जास्त गेले तरी एसी गाडीच घ्या.

दार उघडताच पहिल्या फेरीला पोहोचा. ऊन चढलं की प्राणीही आपल्यासारखेच सावली शोधतात आणि मग झुडपाआड एखादी शेपटी तेवढी दिसते. मुलांना आधीच सांगून ठेवा की वाघ दिसेल किंवा दिसणार नाही. तो पाण्यात बसलेला दिसला तर उन्हाळ्याचे आभार माना.

सोमवारचा घोळ टाळा

जंगल सफारी, पुरखौती मुक्तांगण आणि जुन्या शहरातलं महंत घासीदास संग्रहालय ही तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. बरेच पाहुणे शनिवार-रविवार घरी गप्पांत घालवतात आणि सोमवारी गाडी काढतात. तुम्ही सोमवार नातेवाइकांसाठी, बाजारासाठी किंवा नुसता झोपण्यासाठी ठेवा.

दुपार छताखाली आणि पोटभर

अकरा ते पाच हा वेळ रस्त्यावर काढायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून घ्या. या वेळेसाठी रायपूरकडे चांगली संग्रहालयं आहेत.

महंत घासीदास संग्रहालयाची सुरुवात १८७५ मध्ये राजनांदगावच्या राजांनी केली. सध्याच्या इमारतीचं उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. सिरपूरला सापडलेल्या बौद्ध कांस्यमूर्ती इथे आहेत. किरारी गावच्या तळ्यातून निघालेला लाकडी स्तंभही इथेच आहे. त्यावर प्राचीन काळातल्या अधिकाऱ्यांची पदनामं कोरलेली आहेत. लाकूड एवढी शतकं टिकलं कसं, हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर त्या तळ्याच्या गाळात दडलेलं आहे.

याच आवारात ‘गढ कलेवा’ आहे. २०१६ मध्ये सुरू झालेलं हे उपाहारगृह महिला बचत गट चालवतो. इथे छत्तीसगढी पदार्थ मिळतात. चीला म्हणजे आपलं तांदळाच्या पिठाचं धिरडं. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे लांबट, वाफवून फोडणी दिलेले मुटके. ठेठरी बेसनाची खारी, खुरमी गव्हाच्या पिठाची आणि गुळाची गोड. पदार्थ मागवताना तिखट कमी करायला सांगितलं तर लहान मुलंही आवडीनं खातात. शिवाय आईलाही एक वेळचा स्वयंपाक करावा लागत नाही!

नवा रायपूरमध्ये २०२५ मध्ये दोन नवी संग्रहालयं सुरू झाली. आदिवासी जीवनाचं संग्रहालय मे महिन्यात आणि शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय १ नोव्हेंबरला. दुसरं मोठ्या मुलांसोबत आवर्जून बघा. सोनाखानचे जमीनदार नारायण सिंह यांनी दुष्काळात व्यापाऱ्याचं कोठार फोडून गावकऱ्यांना धान्य वाटलं. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपूरमध्ये फाशी दिली. नवा रायपूरच्या परसदा इथल्या क्रिकेट स्टेडियमलाही त्यांचंच नाव आहे. क्रिकेटवेड्या मुलाला ते नाव आधीच ठाऊक असेल, त्यामागचा माणूस इथे कळेल.

मराठी पाहुण्याला या इतिहासात एक अवघड जागाही सापडते. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले. पुढे १८५४ पर्यंत, मधला इंग्रजांच्या देखरेखीचा काळ धरून, हा मुलूख नागपूरच्या गादीशी जोडलेला होता. शाळेच्या पुस्तकात आपण भोसल्यांचा विस्तार वाचतो. पण बस्तरमध्ये परलकोटचे गेंदसिंह १८२५ मध्ये उठले, ते मराठे आणि इंग्रज या दोघांच्या जाचाविरुद्ध. त्यांनाही फाशी झाली. ‘म्हणजे तेव्हा आपण वाईट होतो का?’ असं मुलानं विचारलं तर विषय बदलू नका. राज्य कुणाचंही असो, कर भरणाऱ्याला ते कसं दिसतं, हे मुलांशी बोलायला सुट्टीइतका निवांत वेळ वर्षभरात मिळत नाही.

‘आमचो बस्तर’ ऐकलंत की थांबाल

उपरवाऱ्याचं पुरखौती मुक्तांगण सुमारे २०० एकरांवर पसरलं आहे. २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पंथी आणि राऊत नाचाचे पुतळे, आदिवासींची घरं, राज्यातल्या प्रसिद्ध स्थळांच्या प्रतिकृती असं बरंच काही इथे आहे. पण हे उघड्यावरचं ठिकाण आहे, म्हणून उघडताच जा किंवा ऊन कलल्यावर जा. उशिरा जाणार असाल तर बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्या. सगळं पाहण्याचा हट्ट नको, एक-दोन भाग निवडा.

इथल्या बस्तरच्या भागाला ‘आमचो बस्तर’ म्हणतात. हे शब्द हलबी भाषेतले आहेत. बस्तरमध्ये वेगवेगळ्या जमाती एकमेकींशी बोलायला हलबी वापरतात आणि तिच्यात मराठीचा अंश इतका आहे की ग्रियर्सन यांनी भाषांची पाहणी करताना तिला मराठीच्या गटात ठेवलं होतं. ‘आमचो’ ऐकून गोव्याकडचा पाहुणा तर चमकतोच.

रायपूरमध्ये मराठीच्या खुणा आणखीही आहेत. तात्यापारा ही जुनी वस्ती आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. आणि माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. १८७१ मध्ये मराठी घरात जन्मलेल्या सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. १९२६ मध्ये रायपूरमध्येच त्यांचं निधन झालं. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी तुमची भाचरं त्यांच्याच वाटेनं चालली आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळ शहरासोबत

सूर्य कलला की सगळं शहर बाहेर येतं. तेलीबांधा तलावाच्या काठाला इथले लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. मुंबईचे पाहुणे आधी हसतात, मग आइस्क्रीम घेऊन तिथेच बसतात. मुलांना धावायला, मोठ्यांना गप्पा मारायला ही जागा छान आहे.

खरेदीही संध्याकाळीच करा. कापडासाठी पंडरी, किरकोळ वस्तूंसाठी गोल बाजार. कोसा म्हणजे टसर रेशमाची साडी किंवा ढोकरा कलेची पितळी मूर्ती घ्यायची असेल तर बिलासा आणि शबरी ही सरकारी विक्री केंद्रं आहेत. तिथे किंमत पाहून ठेवली की बाजारात घासाघीस करायला आधार मिळतो.

मामीचीही सुट्टी आहे!

नातेवाइकांकडे उतरलात तर आणखी एक हिशेब ठेवा. बेचाळीस अंशांत सात-आठ माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या मामीला सुट्टी कुठे मिळते? ‘अगं, राहू दे, पाहुणी आहेस तू’ असं त्या म्हणणारच. तरीही काही गोष्टी जाण्याआधीच ठरवा. सकाळचा नाश्ता पाहुण्यांनी करायचा. दिवसाआड एक जेवण बाहेर. मुलांनी आपापली ताटं उचलायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. पुरुषमंडळींनी रात्रीची भांडी आवरली तर आकाश कोसळत नाही. कूलरला आणि पाहुण्यांच्या आंघोळीला पाणी जास्त लागतं, त्यामुळे घरातली पाण्याची वेळ विचारून घ्या. आणि किमान एका संध्याकाळी मामीला सोबत न्या, घर सांभाळायला मागे ठेवू नका.

स्वयंपाक हलका करायचा उपाय छत्तीसगढच्या घरातच आहे. शिजलेला भात पाण्यात घालून त्याच दिवशी खाल्ला तर बोरे, रात्रभर ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. सोबत कांदा, मिरची, लोणचं. शेतात राबणाऱ्यांचं हे जेवण. २०२२ मध्ये राज्य सरकारनं १ मे रोजी, कामगार दिनी, सर्वांनी ते खावं असं आवाहन केलं आणि त्याची खूप चर्चा झाली. पाणी स्वच्छ घ्या आणि बासी सकाळीच संपवा, दुपारपर्यंत उष्म्यात ठेवू नका. जोडीला कैरीचं पन्हं आणि ताक आहेच.

ऊन लागलं तर

या भागात उन्हाळ्याच्या सहलीत खरा धोका आहे तो उष्माघाताचा. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि साठीच्या पुढचे यांना तो लवकर गाठतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. आजी-आजोबा अशा गोळ्या घेत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

• तहान लागण्याची वाट न पाहता थोडं थोडं पाणी द्या. मुलानं बराच वेळ लघवी केली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय.
• ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी असा प्रयोग नको.
• उभ्या गाडीत मुलाला पाच मिनिटंही एकटं ठेवू नका. काच थोडी उघडी ठेवून उपयोग होत नाही.
• डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही पहिली सूचना आहे. तिथेच फिरणं थांबवा, सावलीत बसवा, पाणी किंवा ओआरएस द्या.
• अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, ग्लानी अशी लक्षणं दिसली तर १०८ वर फोन करा. तोवर कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

खिशात कांदा ठेवायची पद्धत विदर्भातही आहे आणि इथेही. हवा तर ठेवा, पण पाण्याची बाटली घरी विसरू नका.

तीन दिवस पुरेत

पहिला दिवस जुन्या शहराचा. पहाटे बूढा तालाब, दुपारी घासीदास संग्रहालय आणि गढ कलेवा, संध्याकाळी तेलीबांधा. दुसरा दिवस नवा रायपूरचा. सकाळी सफारी, दुपारी एखादं नवं संग्रहालय, ऊन कलल्यावर मुक्तांगण. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून सुमारे ८० किलोमीटरवरचं सिरपूर. सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर राणी वासटेनं पतीच्या स्मरणार्थ बांधलं. कोवळ्या उन्हात त्याच्या विटा लालसर दिसतात. दहाच्या आत परतीला लागा. एवढं लांब नको वाटलं तर महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावरचं राजिम जवळ आहे.

यातलं एखादं ठिकाण राहिलं तर राहू द्या. दुपारी कूलरसमोर सगळी भावंडं सतरंजीवर आडवी झाली आहेत, कुणी पत्ते पिसतंय, मामी आणि आई कितीतरी वर्षांनी निवांत बोलत आहेत. ती दुपारही सुट्टीतच मोजा.